बाळूला कर्णधार करायचं की नाही?

मॅनेजर प्रकारच्या गेममध्ये बॅट आपल्या हातात नसते. संघ निवडायचा, बॉलर बदलायचे, फिल्डिंग लावायची आणि स्कोअरकार्ड हलताना बघत बसायचं. मला हे गेम जुन्या काळात नेऊन खेळायचा नाद आहे. बाजारात हवा तसा मिळाला नाही म्हणून हिंगोलीत बसून मी एक्सेलमध्ये स्वतःचाच एक गेम बनवतोय. त्यात १९००च्या पुढचं भारतीय क्रिकेट आहे.

या नादाचं माहेर अमेरिकेतलं बेसबॉल. तिथे १९६१मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, सोबत फासे, आणि कार्डावरचे आकडे त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेले. पुढे कम्प्युटरवर ‘आउट ऑफ द पार्क’सारखे गेम आले. खरेपणाची कसोटी साधी होती. १९२७चा मोसम पुन्हा खेळवला, तर बेब रूथचे साठाच्या आसपास होमरन यायला हवेत.

पण त्याच १९२७मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सन तिथे उतरला तो एप्रिल १९४७मध्ये. निग्रो लीगचा थोर फलंदाज जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. २०२४मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले आणि कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन टाय कॉबच्याही वर गेला. आता १९४०चा संघ बांधताना गिब्सनला घ्यायचं की नाही? घेतलं तर इतिहास खोटा ठरतो, नाही घेतलं तर बंदी तुम्हीच राबवता.

आपल्याकडचे काही प्रश्न यापेक्षा सोपे आहेत. हिंगोलीत १९२०मध्ये जन्मलेला एखादा काल्पनिक पोरगा रणजी कुणाकडून खेळेल? महाराष्ट्राकडून नव्हे, हैदराबादकडून. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला. एक रकाना बदलला की काम झालं.

काही गोष्टी आकड्यात बसतच नाहीत. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३वर नाबाद होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम फक्त ९ धावांवर राहिला होता. मध्यंतरात समोरच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडला. ‘रुसून घरी जा’ असं बटण कोणत्या गेममध्ये असतं?

मी अडकलो तो मात्र पालवणकर बाळूपाशी. चर्मकार घरातला हा डावखुरा स्पिनर. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर पिच सांभाळायचा आणि नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायचा. हिंदूंच्या क्लबने त्याला संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने एकूण ११४ विकेट काढल्या. मुंबईच्या धर्मवार स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधीच दिलं नाही. १९२०मध्ये त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघातून बाजूला झाले. विठ्ठल कर्णधार झाला १९२३मध्ये.

माझ्या गेममधला ‘ऑटो’ पर्याय अनुभव आणि कामगिरी बघून कर्णधार नेमतो. तो दर वेळी बाळूलाच नेमायचा. बघायला छान वाटतं, पण खेळणाऱ्या मुलाला कळणारही नाही की त्या काळी काही अडचण होती. यावर एका मित्राने तोडगा सुचवला: बाळूचे नेतृत्वाचे गुण १०० पैकी २० कर, म्हणजे कम्प्युटर आपोआप दुसऱ्याला नेमेल. निकाल इतिहासाबरहुकूम येतो, हे खरं. पण याचा अर्थ काय होतो बघा. जात बाळूच्या कार्डावर, त्याचाच दोष म्हणून छापली जाते. १९२०मध्ये निवड समितीत बसलेल्यांनी यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

म्हणून मी बाळूचे गुण होते तसेच ठेवले आणि निवड समितीचं वेगळं कार्ड बनवलं. मॅनेजर फक्त नाव सुचवतो. समिती नाही म्हणू शकते, आणि नाही म्हणाली की स्क्रीनवर कारण स्पष्ट शब्दांत येतं: जात. ‘अनुभव कमी’ वगैरे आडपडदा नाही. मग तुमच्यापुढे तीन वाटा: गप्प बसा, पेपरात वाद पेटवा, किंवा भावांना घेऊन संघ सोडा. संघ सोडला तर सामना हरण्याची शक्यता वाढते, कारण विठ्ठल आपला सर्वात भरवशाचा फलंदाज. पण समितीचा हट्टही थोडा ढिला पडतो. किती ढिला, यावर माझं आणि त्या मित्राचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो, मी समितीला फारच चांगली माणसं समजतो.

१९०७पासून १९२०पर्यंतची स्पर्धा मी आतापर्यंत अकरा वेळा खेळवली. दोनदा बाळू कर्णधार झाला. दोन्ही वेळा त्याने चाळिशी ओलांडली होती, आणि वयाच्या हिशेबाने गेमने त्याची बॉलिंग निम्म्यावर आणली होती.