रंगाऱ्याने सांडलेले पिवळे पाणी

दसरा उलटला की मुंबईभर दारांवरच्या झेंडूच्या माळा उतरतात. मानखुर्दला लागून देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे. १९२७ सालापासून शहराने टाकलेले सारे तेथे साठत गेले, आणि त्यात देवाची फुलेही आली. एवढा रंग मातीत जातो, तो मिठाईला का लावू नये? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच करडईच्या इतिहासात सापडते.

करडई आपण ओळखतो ती तेलासाठी. गुरे शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या शेताला तिचे काटेरी कुंपण करीत. पण एके काळी या झाडाचा मान बियांइतकाच फुलाला होता. संस्कृतात ते कुसुंभ, आणि त्याने रंगवलेले वस्त्र कुसुंबी. ढाक्याची करडईची फुले लंडनच्या बाजारात उत्तम गणली जात.

या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पुष्कळ, आणि पाण्यात सहज उतरणारा. लाल अगदी थोडा, आणि साध्या पाण्याला दाद न देणारा. रंगारी पाकळ्या पुनःपुन्हा धुऊन पिवळा काढून टाकीत, मग खाराच्या पाण्यात लाल सोडवीत आणि आंबटाने तो कापडावर बसवीत. सारे कष्ट लालासाठी. पिवळे पाणी गटारात!

पुढे १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोयनेल बनवण्याच्या खटपटीत होता. डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून त्याच्या हाती जांभळा रंग आला. त्यापाठोपाठ आलेल्या स्वस्त रंगांनी कुसुंब्याचा धंदा बसवला. बी राहिले, पाकळ्या झाडावरच वाळू लागल्या.

हे रंग कापडावर थांबते तर तक्रार नव्हती. पण कापड-कातड्यासाठी असलेला मेटॅनिल यलो डाळीत आणि जिलेबीत शिरला. त्याला खाण्यात मनाई आहे. भेसळीविरुद्ध १९५४ साली कायदा झाला, पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा त्याच्या जागी आला. तरी भेसळ संपली नाही. श्रीमंताच्या श्रीखंडाला केशर मिळते. गाडीवरच्या मिठाईसाठी पैसे मोजणाऱ्या पोराच्या वाट्याला मात्र कापडाचा रंग येतो.

जपानात करडईचा पिवळा अर्क आज खाद्यपदार्थांना लावतात. म्हणजे रंगाऱ्याने सांडलेले तेच पाणी! आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईची बिनकाट्याची वाणे तयार केली, त्यामुळे पाकळ्या खुडणारे हात सोलवटत नाहीत. फूल कोमेजून तांबूस झाले की बी धरलेले असते. तेव्हा पाकळ्या खुडल्या तरी तेलाला तोटा नाही. सावलीत वाळवल्या की रंग टिकतो.

मग देवाच्या हारांचे काय? त्यांवर फवारणीचे औषध असते, शेंदूर असतो, रस्त्याची धूळ असते. मुंबईत सिद्धिविनायकाच्या निर्माल्यातून कापडाचे रंग काढले गेले आहेत, आणि त्या फुलांना तेच योग्य. कापडाचा रंग पोटात घालण्याची चूक एकदा झाली आहे. फुलांच्या नावाने ती पुन्हा नको. खाण्याचा रंग हवा तर तो शेतातल्या स्वच्छ फुलांतूनच घ्यावा. तो महाग पडेल, कारण पाकळी हातानेच खुडावी लागते. ती मजुरी आपण जिलेबीच्या किमतीत द्यायला तयार आहोत का, एवढाच प्रश्न उरतो.