पोथीपासून ग्रंथालयापर्यंत : सीमाभागातील ऋतुवाचनाची परंपरा

आषाढ लागला म्हणजे वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेस बेळगाव पंचक्रोशीतील भाविक लोटतात. यात्रा उलगडते, पावसाची झड सुरू होते आणि शहापूरला लागून असलेली ही विणकरांची व शेतकऱ्यांची वस्ती पुन्हा मागांच्या आवाजात बुडून जाते. शिवारात भाताची लावण उरकलेली असते. दिवेलागणीनंतर हाताला विशेष काम उरत नाही. पूर्वीच्या काळी हेच दिवस पोथी उघडण्याचे असत. फडक्यात बांधलेली पोथी माळ्यावरून खाली येई, समईजवळ पाट मांडला जाई आणि ज्यास अक्षर येई तो वाची, इतर ऐकत.

ही चाल केवळ भाविकपणातून उपजली असे म्हणता येणार नाही. तिच्या मुळाशी ऋतूचे गणित आहे. पावसाळ्यात नद्यांना पूर येत, वाटा बंद होत. म्हणून संन्यासी चातुर्मासात एके ठिकाणी राहत, आणि या भागात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाचे मुनीही वर्षायोगानिमित्त एकाच गावी थांबत. सांगणारा गावात थांबलेला आणि ऐकणाऱ्यास सवड, असा योग वर्षात एकदाच येई. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने हे अशा रीतीने निरक्षरांचेही अध्ययनाचे सत्र ठरले. मठ हे त्या सत्राचे स्वाभाविक केंद्र होय.

या वाचनाचा साठा पाहिला म्हणजे सीमाभागाचे वैशिष्ट्य ध्यानी येते. मराठी घरांत श्रीधरस्वामींचे ग्रंथ अग्रस्थानी होते. ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३), ‘पांडवप्रताप’ (१७१२) आणि ‘शिवलीलामृत’ (१७१८) हे त्यांचे चार ग्रंथ सोळा वर्षांच्या अवधीत पूर्ण झाले आणि पुढे पिढ्यानुपिढ्या चातुर्मासाचे सोबती बनले. महिपतींचा ‘भक्तिविजय’ (१७६२) त्यांच्या शेजारी आला. कन्नड घरांत भीमकवीचे ‘बसवपुराण’ (१३६९), चामरसाची ‘प्रभुलिंगलीले’ आणि कुमारव्यासाचे भारत यांचे स्थान तेच होते.

दोन्ही साठे एकमेकांपासून अलग नव्हते. निजगुण शिवयोगींचा कन्नड ‘विवेकचिंतामणी’ सतराव्या शतकाच्या आरंभी शांतलिंगस्वामींनी मराठीत आणला; मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ लिहून वीरशैव विचार मराठी ओवीत उतरविला. ‘गुरुचरित्रा’चे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मायबोली कन्नड असल्याचे मानले जाते, आपणास मराठी भाषा येत नाही, असे ते ग्रंथात नम्रपणे सांगतात, आणि तोच ग्रंथ मराठी घराघरांत सप्ताहाने वाचला जातो! श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ व मराठी लेख एकाच शिळेवर कोरलेले आहेत. भाषांचे शेजारपण इकडे किती जुने आहे, याची साक्ष त्या दगडाने जपली आहे.

एकोणिसाव्या शतकात पोथीस छापखान्याची जोड मिळाली. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईस शिळाछाप काढला; १८४१ साली मंगळुरास बासेल मिशनचा छापखाना सुरू होऊन कन्नड ग्रंथांस आधार लाभला. ज्या ग्रंथाची नक्कल करावयास महिने लागत, तो आता बाजारात मिळू लागला. ग्रंथ वाढले, तसे त्यांना घर हवे झाले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले; कोल्हापुरात आज ‘करवीर नगर वाचन मंदिर’ म्हणून ओळखली जाणारी संस्था १८५० साली निघाली. ग्रंथ एका घराचा न राहता गावाचा झाला, ही या घटनांची खरी थोरवी होय.

याच प्रवाहात एक प्रसंग बेळगावास विशेष अभिमानाचा आहे. वकिली करणारे फ. गु. हळकट्टी गावोगाव हिंडून ताडपत्रांचा शोध घेत होते. अनेक घरांत ती ताडपत्रे देवघरात होती. त्यांना गंधाक्षता वाहिल्या जात, परंतु ती वाचणारा कोणी उरला नव्हता. हळकट्टींनी ती मिळविली, उतरून काढली, पाठ ताडून पाहिले, आणि त्यांच्या ‘वचनशास्त्रसारा’चा पहिला भाग १९२३ साली बेळगावात छापला गेला. पुढे त्यांनी राहते घर विकून विजापुरास छापखाना घातला आणि १९२६ पासून ‘शिवानुभव’ हे नियतकालिक चालविले. बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांची वचने आज ज्या सुलभतेने हाती येतात, त्यामागे या एका पुरुषाची पायपीट आहे. पूजिला गेलेला ग्रंथ टिकेलच असे नाही. वाचला गेलेला ग्रंथ मात्र टिकतो, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांचा काळ यानंतरचा. १९१६ साली सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९३३ साली लिंगराज महाविद्यालय उभे राहिले. १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय निघाले. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ तेथे अध्यापन केले. ‘गणगोत’ मधील त्यांचे ‘रावसाहेब’ हे कन्नड वळणाची मराठी बोलणारे बेळगावकर सर्वांच्या परिचयाचे आहेत. निपाणीची स्थिती आणखी निराळी. गाव कर्नाटकात आणि त्यास लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात! विद्यार्थी सकाळी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यातील ग्रंथालयात जाऊन बसतो आणि दुपारच्या जेवणास परत येतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे म्हैसूर राज्याने १९६५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचे आपापले कायदे केले. सीमेच्या दोन बाजूंस दोन व्यवस्था आल्या. त्या काळात माणसांच्या मनांत जे झाले त्याचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु १९२९ साली एकाच बेळगावात शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन आणि मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली कन्नड साहित्य संमेलन भरले होते, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. ग्रंथालयाच्या कपाटांनी ते स्मरण आजही ठेविले आहे. तेथे केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड, मोल्सवर्थचा मराठी कोश, किट्टेलचा १८९४ चा कन्नड कोश आणि बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर ही एकाच अभ्यासाची साधने ठरतात. या भूमीचा इतिहास अभ्यासणाऱ्यास त्यांतील एक घेऊन दुसरे टाकून चालत नाही.

पोथीच्या काळातील ऋतुचर्या ग्रंथालयासही लागू पडते, आणि भाविक वाचकांनी ती आपल्या घरी आचरावयास हरकत नाही. श्रावणात पुराण व वचने मोठ्याने वाचावी, कारण ती कानासाठीच रचलेली आहेत. आश्विनात पाटीवर सरस्वती काढून पूजा झाली की दिवाळीचे अंक हाती येतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा पाडली. मार्गशीर्षात गीताजयंती व दत्तजयंती येते. ज्ञानेश्वरीचा एकेक अध्याय सावकाश वाचण्यास ती थंडीची पहाट उत्तम. माघात शिवरात्रीच्या निमित्ताने ‘शिवलीलामृत’ आणि वैशाखात बसवजयंतीच्या निमित्ताने बसवचरित्र, हा क्रम दोन्ही भाषांच्या घरांस सारखाच सोयीचा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्यांनी कादंबऱ्या वाचाव्या, आणि त्यांत शेजारच्या भाषेतील एक तरी असावी.

शेजारच्या भाषेतील ग्रंथ कसा गाठावा, याचे उदाहरण बेळगावातच जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी घालून दिले आहे. भैरप्पांच्या ‘वंशवृक्षा’च्या मराठी अनुवादासाठी त्यांस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड ग्रंथ वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि उमाताई तो ऐकून मराठीत उतरवीत. एकाने वाचावे व दुसऱ्याने ऐकावे, ही समईजवळची जुनी रीतच तेथे नव्या उपकरणाने चालू राहिली.

तथापि चिंतेचे कारण आहे. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपी सहज वाचणारी पिढी वृद्ध झाली आहे. ती पिढी निवर्तली की घरातील जुनी पोथी नदीत सोडण्याची चाल अद्याप आहे. त्यामागील श्रद्धा निर्मळ असली, तरी त्या पाण्यात कोणत्या घराण्याची वंशावळ, कोणत्या गावचा शक, कोणत्या अज्ञात कवीची एकमेव प्रत वाहून जाते, हे कोणासच कळत नाही. हळकट्टींना जी ताडपत्रे घराघरांत मिळाली, ती त्यांच्या आधी कोणी श्रद्धेने विसर्जित केली असती तर?

म्हणून माळ्यावरील पोथी विसर्जनापूर्वी एकदा जाणत्यास दाखवावी. पाने क्रमाने लावावी, कोरड्या सुती फडक्यात बांधावी, ओलीपासून व वाळवीपासून जपावी. तीवरील गावाचे नाव व शक टिपून ठेवून ती मठाच्या वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवावी. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली, त्यांतील पहिलेच असे की ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. मठात होणाऱ्या श्रवणाचा अर्थ याहून निराळा नाही. प्रस्तुत स्मरणग्रंथही दोन भाषांत निघत आहे. ज्या घरी तो जाईल, तेथे त्याची दोन्ही अंगे उघडली जावोत. एक अंग स्वतः वाचावे, आणि दुसरे येत नसल्यास शेजाऱ्यास बोलावून त्याच्याकडून ऐकावे.