इवलासा आकडा, लांबची फेक

इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरून लांब गरवण्याचा इतिहास बहुतेक जण फेकणाऱ्यांच्या नावाने सांगतात. 1960च्या दशकात डंजनेसच्या किनाऱ्यावर लेस्ली मॉन्क्रीफची ‘लेबॅक’ फेक गाजली, मग शिसं लोलकासारखं झुलवून फेकणारे आले. ठीक. पण नुसतं शिसं लांब गेल्याने मासा मिळतो थोडाच! मागे फडफडणारं आमिष हवा अडवतं, फाटून गळून पडतं.

मला खरी करामत वाटते ती बेट क्लिपची, म्हणजे एका छोट्या आकड्याची. गळ (कोकणात गरी) त्यात अडकवला की आमिष शिशाच्या आडोशाने उडतं. दोरी ताणलेली आहे तोवर गळ जागचा हलत नाही. शिसं पाण्यावर आपटलं की ताण जातो, गळ मोकळा. ना सेन्सर, ना कोड! फक्त गळाच्या आखूड दोरीची, स्नूडची, लांबी नेमकी हवी. सैल राहिली तर गळ हवेतच सुटतो. म्हणून स्नूडचा मणी सरकवता येईल असा बांधतात.

पुढची जाड दोरी मात्र हिशेबानेच घ्यायची: दर औंस शिशाला 10 पौंड, म्हणजे 5 औंसांना 50. फेकताना ती तुटली, तर सुटलेलं शिसं किनाऱ्यावरच्या माणसाचा जीव घेऊ शकतं.