सेसिल टेलरचा ‘युनिट स्ट्रक्चर्स’: गोंधळामागची तालीम

आज जाझमधला असा एक अल्बम घेतलाय, जो बरेच जण दोन मिनिटांत बंद करतात. ‘हे काय, कुणीही काहीही वाजवतंय!’ असं वाटतं ना, तिथूनच सुरुवात करू.

१९ मे १९६६. न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. पियानोवर सेसिल टेलर, सोबत सहा वादक: ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, ड्रम्स आणि चक्क दोन डबल बास. कंपनी ब्लू नोट, अल्बम ‘युनिट स्ट्रक्चर्स’.

टेलर काही हौशी वादक नव्हता. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला, १९५६ मध्येच पहिला अल्बम रेकॉर्ड केलेला. पण त्याच्या संगीतात ठरलेला ठेका नाही, गुणगुणावी अशी चाल नाही. मग क्लबवाले कशाला बोलावतील? पोटासाठी त्याने हॉटेलात भांडी घासली. मैफल मिळेना, तेव्हा घरीच, मनातल्या श्रोत्यांसाठी वाजवत राहिला.

आणि आता त्या ‘काहीही’बद्दल. टेलरला नेहमीचं स्वरलेखन नकोसं वाटे. तो पियानोवर तुकडा वाजवून दाखवायचा, वादकांनी तो कानाने उचलायचा, पुन्हा पुन्हा घोटायचा. अशा छोट्या तुकड्यांवर मोठी रचना उभी राहायची. म्हणून तर अल्बमचं नाव ‘स्ट्रक्चर्स’! ऐनवेळी सुचलेलं भरपूर आहे, पण त्याच्या खाली तालीम आहे.

इअरफोन लावा आणि ‘स्टेप्स’ ऐका, साधारण दहा मिनिटांचं आहे. सगळं एकदम पकडू नका. आधी फक्त जिमी लायन्सचा सॅक्सोफोन आणि पियानो ऐका. एक बोलतो, दुसरा लगेच उत्तर देतो. मग अँड्र्यू सिरिलच्या ड्रम्सकडे या. तो मात्रा मोजून देत नाही, लाटा उठवतो. दमलात तर ‘एंटर, ईव्हनिंग’ लावा. तिथे हेच वादक किती हळुवार होतात बघा.

या दोन बासवादकांपैकी एक हेन्री ग्राइम्स. साठचं दशक संपता संपता तो संगीतातून गायबच झाला. अनेकांनी तो गेला असंच धरलं. २००२ मध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये सापडला, एका छोट्या खोलीत राहणारा, जवळ वाद्यही नसलेला. विल्यम पार्कर या बासवादकाने त्याला एक बास पाठवला आणि ग्राइम्स परत मंचावर आला.

टेलरला २०१३ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये तो वारला. पुरस्कार आले खरे, पण मला महत्त्वाची वाटतात ती त्याआधीची वर्षं. ऐकायला कुणी नसताना त्याने आपलं संगीत सोपं करून विकलं नाही. ते आवडलंच पाहिजे असं नाही हं! पण ‘काहीही वाजवतोय’ म्हणण्याआधी ती दहा मिनिटं नक्की द्या.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!