शरणपूरचा जेकब वेनराइट

मनमाडहून मुंबईच्या वाटेनें निघालें कीं पाऊणशे किलोमीटरांच्या आंतच नाशिक रोडचें स्टेशन लागतें. तेथून शहरांत गेल्यावर शरणपूर हें नांव रस्त्याच्या पाटीवर आजहि वाचावयास मिळतें. बहुतेकांस तें एका रस्त्याचें नांव म्हणूनच ठाऊक असतें. परंतु दीडशे वर्षांपूर्वीं तेथें आफ्रिकी मुलांची एक वस्ती होती, आणि त्यांतील एका मुलानें पुढें मध्य आफ्रिकेच्या अरण्यांत जें काम केलें, त्याची हकीकत नाशिककरांनीं विसरावी अशी नाहीं.

चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री डब्ल्यू. एस. प्राइस यांनीं १८५४ च्या सुमारास शरणपूर वसविलें. गुलामांचा व्यापार करणाऱ्या गलबतांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं पुष्कळ मुलें मुंबईस उतरविलीं जात. त्यांचें घर कोठें आणि आईबाप कोण, याचा शोध लागणें बहुधा अशक्य असे. अशा कित्येकांस शरणपुरास धाडीत. तेथें लेखनवाचन, शास्त्रपाठ, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवीत. नांवेंहि नवीं मिळत. वेनराइट, वेलिंग्टन, रटन हीं आडनांवें नाशकांतच त्या मुलांना चिकटलीं.

१८६५ सालीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनीं आपल्या अखेरच्या सफरीसाठीं येथून नऊ मुलें निवडलीं. लिव्हिंग्स्टन मोठे धर्मनिष्ठ आणि गुलामगिरीचे कट्टे वैरी, यांत शंका नाहीं. तथापि नाईल नदीचें मूळ आपणच शोधावें ही आकांक्षा त्यांच्या मनांत शेवटपर्यंत धगधगत होती. त्या कीर्तीनें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आपल्या शब्दाला वजन येईल, अशी त्यांची समजूत होती. आकांक्षेला सेवेचें वस्त्र असें सहज चढवितां येतें! प्रकृति ढासळली तरी ते परतले नाहींत. ज्या लुआलाबा नदीला ते नाईल समजत होते, ती काँगो असल्याचें स्टॅन्लेनें १८७७ मध्यें सिद्ध केलें.

जेकब वेनराइट १८७२ सालीं स्टॅन्लेनें पाठविलेल्या तुकडींतून त्यांना येऊन मिळाला. जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आदि नाशिकचे आणखी पांच जण त्याच्याबरोबर होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. धनी गेला, पगाराची शाश्वती नव्हती, आणि हुकूम करणारा एकहि गोरा माणूस जवळ नव्हता. सामान वांटून घेऊन पांगले असते, तरी त्यांना कोण अडविणार होतें? परंतु सूसी आणि चूमा यांच्या पुढारपणाखालीं सर्वांनीं देह किनाऱ्यापर्यंत नेण्याचें ठरविलें. काळीज तेथेंच झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं प्रार्थना जेकबनें वाचली. सामानाची यादीहि त्यानेंच लिहिली. शरीर मीठ घालून पंधरवडाभर सुकविलें, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळलें. प्रेत गांवांतून नेऊं देण्यास लोक भीत, म्हणून एकदां तें कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधून न्यावें लागलें. वाटेंत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरननें देह तेथेंच पुरण्याची सूचना केली. त्यांनीं ती मानली नाहीं. हजार मैलांहून अधिक चालून, ते १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयो येथें पोहोंचले.

तेथें बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावण्यांत आलें. मिशनच्या खर्चानें एकटा जेकब इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटी धरणाऱ्या मान्यवरांत उभा राहिला. सूसी व चूमा पोहोंचले तों अंत्यविधि उरकला होता. राजधानीच्या भूगोलमंडळानें या लोकांसाठीं पदकें पाडलीं खरीं, पण तोंवर ते चहूंकडे पांगले होते. थडग्याच्या शिळेवर विश्वासू हातांचा उल्लेख आहे. नांव मात्र एकाहि हाताचें नाहीं.

जब्दीच्या पुत्रांनीं प्रभूजवळ उजवें-डावें आसन मागितल्याची कथा मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. मोठें होऊं पाहणारानें सेवक व्हावें, असा बोध प्रभूनें त्यांस केला. त्या दोघा भावांचीं नांवें याकोब व योहान. नाशिकचे वेनराइटहि जेकब आणि जॉनच! इंग्लंडांतील सत्कारानंतर जेकबकडे कांहीं गोरे लोक संशयानें पाहूं लागले. लिव्हिंग्स्टनचे मित्र वॉलर यांचेंहि त्याच्याविषयीं मत अनुकूल नव्हतें. धन्याची महत्त्वाकांक्षा थोरपणा ठरते आणि नोकराचा मानीपणा मात्र दोष ठरतो, हा न्याय ख्रिस्ती म्हणविणाऱ्या समाजांतहि चुकला नाहीं. नम्रता ही प्रथम मोठ्यांनीं पाळावयाची आहे, हें त्या प्रसंगीं फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

पुढें प्राइस यांनीं मोंबासाजवळ फ्रीरटाउन वसविलें आणि शरणपूरचीं बरींच मुलें तिकडे गेलीं. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथें १९३५ पर्यंत हयात होता. जेकब १८९२ सालीं उरांबो येथें वारला. चितांबोच्या गांवच्या त्या झाडाचा खोदीव लेख असलेला बुंधा १८९९ मध्यें कापून लंडनला नेण्यांत आला. लेख जेकबनेंच कोरला होता. त्यावर लिव्हिंग्स्टनचें नांव आहे, तारीख आहे, आणि तीन सोबत्यांचीं नांवें आहेत. स्वतःचें नांव त्यानें कोरलें नव्हतें.