छत्तिसाचा आकडा

देवनागरीत ३६ लिहून पाहा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. म्हणून ज्यांचे आपसांत पटत नाही त्यांच्यात ‘छत्तिसाचा आकडा’ आहे, असे आपण म्हणतो. घराच्या छतावरील सौर पॅनेलच्या इतिहासात मात्र हा आकडा जमवून घेण्यासाठी आला. गेवराईत किंवा आसपासच्या एखाद्या गावी जुना सौर दिवा उभा असेल, तर त्याच्या पॅनेलमधील काळसर-निळ्या चकत्या विद्यार्थ्यांना मोजायला सांगाव्यात. बहुधा त्या ३६ भरतील. मग नव्या घराच्या स्लॅबवरचे मोठे पॅनेल मोजावे. तेथे ७२ किंवा १४४ चकत्या दिसण्याचा संभव बराच आहे. हे आकडे असेच का, असा प्रश्न कोणी विचारलाच तर त्याचे उत्तर मोटारीच्या बॅटरीपाशी सापडते.

प्रकाशापासून वीज मिळते हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी १८३९ साली पाहिले होते. अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स यांनी १८८३ मध्ये सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन घट तयार केले आणि लवकरच न्यूयॉर्कमधील एका छपरावर ते मांडलेही. पडलेल्या प्रकाशऊर्जेच्या जेमतेम एक टक्का वीज त्यांतून मिळे. त्यामुळे पुढची सत्तर वर्षे ही गोष्ट प्रयोगशाळेतील नवलाईच राहिली.

बदल झाला तो टेलिफोनमुळे. उष्ण आणि दमट प्रदेशांत टेलिफोनसाठी वापरले जाणारे कोरडे घट लवकर निकामी होत. बेल प्रयोगशाळेतील डॅरिल चॅपिन त्यावर पर्याय शोधत होते. त्यांनी कॅल्विन फुलर व जेराल्ड पिअर्सन यांच्या साहाय्याने सिलिकॉनचा घट बनवला. २५ एप्रिल १९५४ रोजी त्याचे प्रात्यक्षिक झाले. कार्यक्षमता होती सुमारे सहा टक्के. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी खांबावर असे पॅनेल बसवून त्यावर ग्रामीण टेलिफोनची चाचणी घेतली गेली. रात्री सूर्य नसतो, म्हणून त्या पॅनेलच्या जोडीला साठवणीची बॅटरी होती. पॅनेल आणि बॅटरी ही जोडी तेव्हापासूनची. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कारखान्याने १९७७ मध्ये देशातील पहिला सौरघट आणि १९७८ मध्ये पहिले पॅनेल तयार केले.

आता छत्तिसाचा हिशेब करू. सिलिकॉनच्या एका घटाकडून काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट मिळतो. घट मोठा घेतला तर विद्युतधारा वाढते, पण विभवांतर वाढत नाही. ते वाढवायचे तर घट एकसर जोडणीत लावावे लागतात. ३६ घटांचे १८ व्होल्ट होतात. मोटार, ट्रॅक्टर यांची शिसे-आम्ल बॅटरी १२ व्होल्टची. ती पूर्ण भरायला सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. मग ३० घटांचे १५ व्होल्ट पुरले नसते का?

गेवराईच्या मे महिन्यात पुरले नसते. कारखान्यात पॅनेलची मापे घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून काढतात. गेवराईत हवाच ४० अंशांच्या वर जाते आणि काचेखालचा घट भर दुपारी सहज ६५ अंशांवर पोचतो. तापमान एका अंशाने वाढले की प्रत्येक घटाचे विभवांतर साधारण दोन मिलिव्होल्टने घटते. ४० अंशांची वाढ, ३६ घट. म्हणजे जवळजवळ २.९ व्होल्ट गेले. उरले १५.१. तीस घटांच्या पॅनेलपाशी १२.६ च उरले असते आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहिली असती. चार्ज कंट्रोलरचा खर्च वाचावा म्हणून काही कारखान्यांनी ३० ते ३३ घटांची पॅनेलेही काढली होती. उष्ण प्रदेशांत ती कमी पडली. ऊन जास्त तेवढी वीज जास्त, ही समजूत अर्धीच खरी आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो.

हे १५.१ व्होल्ट तरी बॅटरीपर्यंत पोचतात का? येथे आम्ही स्वतः केलेली चूक सांगतो. शंभर वॉटचे पॅनेल छतावर लावले आणि घराच्या वायरिंगमधून उरलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार खाली खोलीत आणली. हिवाळाभर दिवे छान चालले. एप्रिलपासून मात्र बॅटरी भरेना. आम्ही बॅटरीला दोष दिला, ती तपासूनही आणली. दोष तारेत होता. छतापासून खोलीपर्यंतचे अंतर १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन तार २० मीटर. तिचा रोध ०.२३ ओहम. पॅनेलची धारा साडेपाच अँपिअर. ओहमच्या नियमाने जवळजवळ १.३ व्होल्ट तारेतच खर्च होत होते आणि बॅटरीपाशी १३.८ च पोचत होते. चार चौरस मिलिमीटरची तार घातल्यावर हा तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत आला आणि बॅटरी भरू लागली. दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

छतही आडवे येते. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि उजेडासाठी छतात ठेवलेले भोक. (सौर प्रकाशयोजना म्हणायची तर घरातली पहिली हीच!) अशा मातीत खिळा वा बोल्ट धरत नाही. त्यावर पॅनेल उभे करायचे तर सांगाडा भिंतीलाच धरावा लागतो. पत्र्याच्या घरात स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावेत; खोलगट भागात मारले की पहिल्याच पावसात घर गळते. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळला नाही तर वरचा तापमानाचा हिशेब आणखी बिघडतो. स्लॅबवर भोके पाडण्यापेक्षा सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवणे बरे; मात्र वळवाच्या वादळात पत्रे उडतात तशी पॅनेलेही उडू शकतात, म्हणून ठोकळे भरपूर जड हवेत. अर्थिंगचे आणखी एक वेगळेपण आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या पट्टीशी तिचा संपर्क सुटतो. विजांचा कडकडाट होतो तोही नेमका उन्हाळ्याच्या अखेरीस. तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालायचे विसरू नये.

गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तेथील शनिमंदिर प्रसिद्ध आहे. पुराणकथेत शनी हा सूर्याचा मुलगा, आणि त्याची आई छाया. सूर्य आणि छाया यांचे वैर पॅनेलवर प्रत्यक्ष पाहता येते. एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच धारा वाहते. एका घटावर सावली पडली की त्याची धारा घटते आणि बाकीच्या पस्तिसांना त्याच्या चालीने चालावे लागते. म्हणून पॅनेलच्या मागील डबीत डायोड असतात; ते सावलीतल्या गटाला वळसा घालून धारा पुढे नेतात. तरी त्या गटाची वीज गेलीच. गेवराईचा अक्षांश सुमारे १९.२५ अंश. २२ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य जेमतेम ४७ अंश उंच येतो, तेव्हा तीन फुटी कठड्याची सावली पावणेतीन फूट पडते. सकाळी नऊच्या सुमारास ती जवळजवळ दुप्पट असते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे, त्यातील शंकूप्रमाणे एक सरळ काठी छतावर उभी करून तिच्या सावल्या विद्यार्थ्यांनी दिवसभर खडूने आखाव्यात. पॅनेल कोठे ठेवावे आणि खरी दक्षिण कोणती, दोन्ही प्रश्न एका दिवसात सुटतात.

मराठवाड्यातील घरांना बॅटरीची ओळख सौर पॅनेलच्या आधीच झाली होती. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवरील रामायण ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनात घरोघरी इन्व्हर्टर आला. वीज दुरून येते म्हणून खात्रीची नाही, असेही म्हणता येत नव्हते. बीड जिल्ह्यातच परळीला १९७१ पासून औष्णिक केंद्र आहे. पण कोळसा असून भागत नाही, वाफेला आणि थंडाव्याला पाणी लागते. दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले. पॅनेलला पाणी लागते ते धूळ धुण्यापुरते.

२०१५ सालीच महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने छतावरील सौर विजेसाठी नक्त मापनाचे नियम केले. दिवसा उरलेली वीज जाळ्यात सोडायची आणि हिशेब मीटरवर ठेवायचा. येथे पॅनेल आणि बॅटरी यांची जुनी जोडी फुटली. २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी छत्तिसाच्या दुपटीने आलेले ७२ घट मागे राहिले. ते अर्धे कापून १४४ झाले. आता ६०, १२०, १३२ असेही आकडे दिसतात, कारण बॅटरीशी जुळवून घेण्याची गरज उरली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे गाव पूर्णपणे सौर विजेवर आले.

स्वतःच्या हातांनी किती करावे, याची सीमा या बदलाबरोबर सरकली. एका पॅनेलचे १८ व्होल्ट हाताळताना फ्यूज आणि ध्रुवता सांभाळली की पुरे. तीन किलोवॉटच्या मांडणीत मात्र सहा मोठी पॅनेले एकसर जोडलेली असतात आणि त्यांच्या टोकांवर ३०० व्होल्टच्या आसपास दिष्ट विभवांतर असते. प्रत्यावर्ती धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून घरातल्या बटणातील ठिणगी विझते. दिष्ट धारा शून्यावर येतच नाही. ठिणगीची ज्योत होते आणि साधे बटण जळते. शिवाय ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही. हे काम परवानाधारकाचेच.

अशा घरात लोक एक तक्रार हमखास करतात. बाहेर कडक ऊन, छतावर तीन किलोवॉट, आणि लाइट गेली की पंखाही बंद! जाळ्याशी जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या इन्व्हर्टरने तसेच वागायचे असते. समजा तो चालू राहिला, तर त्याची २३० व्होल्टची वीज उलट गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडे जाईल आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला ११,००० व्होल्ट उभे राहतील. लाइन बंद आहे असे समजून त्याच वेळी खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. जनरेटर किंवा बॅटरीचा इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या बोर्डाला जोडण्याची युक्ती काही जण करतात; तिच्यात हाच धोका आहे.

शाळेच्या छतावर अशी मांडणी असेल, तर ती बसवणाऱ्या तंत्रज्ञाला मुख्य स्विच बंद करायला सांगून विद्यार्थ्यांनी लांबून घड्याळ लावावे. इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत थांबला पाहिजे. स्विच पुन्हा चालू केल्यावर तो लगेच जोडला जाणार नाही. जाळे स्थिर झाले आहे का, हे तो काही मिनिटे पाहत राहील, आणि तोवर वर्गातले पंखे महावितरणच्या विजेवर फिरतील.