न्हाणीघर आणि मोरी

घराची दुरुस्ती काढावयाची ठरली कीं अलीकडे पुष्कळ कुटुंबांत पहिला वाद न्हाणीघरावरून होतो. कोणास लांबरुंद पांढरा टब हवा असतो, कोणास कांचेच्या आडोशामागें शॉवर पुरेसा वाटतो, आणि घरांतील वडील मंडळींस बादली, तांब्या व बसावयास चौरंग यांपलीकडे कांहीं नको असतें. वाद फरशीचा, जागेचा व खर्चाचा म्हणून चालतो. पण मुळांत तो फार जुना आहे. मनुष्यानें पाण्यांत शिरून स्नान करावें, कीं पाणी आपल्या अंगावरून वाहूं द्यावें, हा तो वाद होय. निरनिराळ्या काळीं व देशीं त्याचा निकाल कसा लागला हें पाहिलें असतां दिसून येतें कीं, हा निकाल केवळ हौसेनें क्वचितच लागला आहे. पाणी येतें कोठून, तें तापवितो व वाहतो कोण, आणि वापरल्यावर तें जातें कोठें, या तीन प्रश्नांनीं तो लाविला आहे. आणि त्यांतहि तिसऱ्या प्रश्नाचा अधिकार सर्वांत मोठा आहे.

आरंभ सिंधूच्या तीरापासून करूं. मोहेंजोदडो येथें इ. स. १९२५-२६ सालीं, सर जॉन मार्शल हे पुराणवस्तुखात्याचे प्रमुख असतां, जें मोठें स्नानकुंड उघडकीस आलें त्याची कीर्ति सर्वश्रुत आहे. सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व अडीच मीटरांच्या आंत खोल असें तें कुंड आहे. त्याच्या विटांचे सांधे घट्ट बसविलेले असून पाणी झिरपूं नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. परंतु गृहस्थी वाचकांनीं याहून अधिक लक्ष द्यावें अशी गोष्ट त्याच नगरांतील साध्या घरांत आहे. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या या घरांत ठिकठिकाणीं लहानशी न्हाणी सांपडते. तिची पक्क्या विटांची फरसबंदी एका कोपऱ्याकडे उतरती असते, त्या कोपऱ्यांतून मोरी निघते, आणि ती भिंतींतून जाऊन रस्त्याच्या झांकलेल्या गटारास मिळते. न्हाणी बहुधा रस्त्याकडच्या भिंतीलगतच काढीत. घागरीनें पाणी अंगावर ओतून घेण्याची तेथें पद्धति असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. म्हणजे त्या गवंड्यानें अगोदर पाण्याची वाट पाहिली आणि मग स्नानाची जागा ठरविली. आजचा पुष्कळसा घोटाळा हा क्रम उलटल्यामुळें होतो.

पश्चिमेकडे पाहिलें तर क्रीट बेटांतील क्नोसस येथल्या राजवाड्यांत भाजलेल्या मातीचा टब सांपडला आहे, उलट, इ. स. पूर्वींच्या सहाव्या शतकांतील कांहीं ग्रीक कलशांवर पशुमुखांतून पडणाऱ्या धारांखालीं स्नान करणारीं माणसें रंगविलेलीं आहेत. एवंच टब व शॉवर या दोघांचेंहि कुळ प्राचीनच होय. पुढें रोमन लोकांनीं स्नानास राजवैभव दिलें. इ. स. २१६ मध्यें उघडलेलीं कॅराकल्ला बादशहाचीं स्नानगृहें म्हणजे एक लहानसें नगरच होतें. पोकळ जमिनीखालून खेळविलेली ऊष्ण हवा, दूरच्या डोंगरांतून उंच कमानींवरून आणिलेलें पाणी, आणि भट्ट्यांपाशीं राबणारे गुलाम, या तिन्हींवर तें वैभव उभें होतें. इ. स. ५३७ सालीं गॉथ लोकांनीं रोमला वेढा देऊन हे जलमार्ग तोडिले आणि तीं भव्य स्नानगृहें कोरडीं पडलीं. भिंती शाबूत होत्या, कौशल्य विसरलें नव्हतें. फक्त पाणी येईना. न्हाणीघर हें स्वतंत्र दालन नसून एका लांब नळाचें मधलें पेर आहे, हा धडा इतक्या स्पष्टपणें दुसऱ्या कोणत्याहि प्रसंगानें शिकविलेला नाहीं.

त्यानंतरच्या युरोपांत स्नान नाहींसें झालें असें जें म्हणतात तें सर्वस्वीं खरें नव्हे. मध्ययुगांत तेथें सार्वजनिक स्नानगृहें होतीं. परंतु सोळाव्या शतकाच्या सुमारास रोगराईच्या भयानें त्यांतील पुष्कळ बंद पडलीं, आणि सुखवस्तु लोक शरीर धुण्यापेक्षां अंगांतला तागाचा सदरा बदलण्यांत स्वच्छता मानूं लागले. घरीं स्नान करावयाचें तर शेगडीपुढें लांकडी किंवा पत्र्याचा टब मांडावयाचा, चुलीवर पाणी तापवून तें भांड्याभांड्यानें आणावयाचें, आणि काम आटोपल्यावर तसेंच उपसून न्यावयाचें. इतक्या श्रमानें भरलेलें पाणी एकासाठींच कोण खर्चणार? तेव्हां गरीब घरांत एकामागून एक सर्वांनीं त्याच पाण्यांत बसावें हें ओघानेंच आलें. श्रीमंताच्या घरीं हे श्रम दिसत नसत, कारण ते मोलकरणीच्या खांद्यावर असत. टबाचें सुख म्हणून जें वर्णिलें जातें त्याच्या हिशेबांत जिन्यावरील हे हेलपाटे धरलेले नसतात.

१७६७ सालीं विल्यम फीदम नांवाच्या लंडनच्या एका शेगड्या करणाऱ्या कारागिरानें शॉवरचें पेटंट घेतलें. हातपंपानें पाणी डोक्यावरच्या पात्रांत चढवावयाचें आणि सांखळी ओढून तें अंगावर सोडावयाचें, अशी ती युक्ति होती. यंत्र हुशारीचें खरें. पण पायांखालीं सांचलेलें तेंच पाणी पुन्हा वर चढे आणि पुन्हा डोक्यावर येई. धार होती, पण प्रवाह नव्हता. कारण मोरी नव्हती. शॉवरचा शोध लागूनहि शंभर वर्षें तो घरोघर कां गेला नाहीं, याचें पुष्कळसें उत्तर एवढ्यांत आहे.

तें उत्तर बदललें लंडनच्या दुर्गंधीनें. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीची घाण असह्य होऊन पार्लमेंटाचेंहि काम अडलें. तेव्हां जोसेफ बॅझलजेट या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें शहराखालीं मोठीं गटारें बांधण्यांत आलीं. जमिनीखालीं ही वाट तयार झाल्यावर घरांत नळ, आणि नळामागून न्हाणीघर ही स्वतंत्र खोली, मध्यमवर्गास परवडूं लागली. १८६८ सालीं बेंजामिन वॅडी मॉघन यानें धुमसत्या गॅसवर चालता नळ तापविणारें यंत्र काढून त्यास आइसलंडांतील ऊष्ण झऱ्याचें नांव दिलें. आपल्या घरांतील गीझर हा शब्द तेथून आला आहे. त्याच्या पहिल्या यंत्रास धूर बाहेर जाण्याची वाट नव्हती, त्यामुळें तें धोक्याचें होतें. मोरीचा नियम धुरासहि लागू आहे, तो असा! पुढें १८८३ च्या सुमारास अमेरिकेंत जॉन मायकेल कोहलर यानें जनावरांच्या कामाच्या ओतीव लोखंडी डोणीवर मिन्याचा थर चढवून तिचा टब केला, आणि घासावयास सोपी, गंज न धरणारी पांढरी वस्तु बाजारांत आली.

टब असा दिवाणखान्याच्या प्रतिष्ठेस चढत असतां शॉवर मात्र तुरुंगांतून वर आला, ही गोष्ट मनोरंजक आहे. फ्रान्सांतील रुआँ येथील तुरुंगाचे वैद्य मेरी डलाबोस्त यांनीं १८७२ च्या सुमारास शेंकडों कैद्यांना थोड्या पाण्यांत व थोड्या वेळांत स्वच्छ कसें करावें, या विवंचनेंतून टब काढून टाकून तोट्यांखालीं स्नानाची सोय केली. ही पद्धति लष्करांत गेली. आणि १८८३ सालीं बर्लिनच्या आरोग्यप्रदर्शनांत त्वचारोगांचे वैद्य ऑस्कर लासार यांनीं पन्हळी पत्र्याचें एक लहान लोकस्नानगृह उभारून, प्रत्येक जर्मन माणसास आठवड्यांतून एकदां तरी स्नान मिळावें, अशी मागणी मांडली. आठवड्यांतून एकदां, हें ऐकून आमच्या वाचकांस हंसूं येईल; पण ज्या मजुरास तेंहि मिळत नव्हतें त्याच्या दृष्टीनें ती केवढी मोठी गोष्ट होती, याचाहि विचार करावा. शॉवर हा थाटाचा पदार्थ नसून काटकसरीचा व समतेचा उपाय म्हणून जन्मास आला.

आजची न्हाणीघराची जी ठराविक मांडणी आहे तीहि काटकसरीचीच. एल्सवर्थ स्टॅटलर यानें १९०८ सालीं अमेरिकेंत बफेलो येथें जें हॉटेल उघडलें, त्यांत प्रत्येक खोलीस स्वतंत्र न्हाणीघर दिलें. तें परवडलें अशा युक्तीनें कीं, दोन न्हाणीघरें पाठीस पाठ लावून बांधिलीं आणि दोहोंचे नळ एकाच उभ्या पोकळींतून नेले. पुढें घरांतहि भांडें, तोंड धुण्याचें पात्र व पांच फुटी टब हीं एकाच भिंतीशीं ओळीनें बसविण्याची आणि टबावरच शॉवर लावण्याची चाल पडली. वादाची ही तडजोड दिसावयास सोयीची. पण तींत उभ्यानें स्नान करणाऱ्यास दररोज टबाचा ओला कांठ ओलांडावा लागतो, आणि वृद्धांच्या दृष्टीनें घरांतील सर्वांत धोक्याचें पाऊल तेंच होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. मराठी भाषेनें या सर्व इतिहासाचें सार एका शब्दांत सांठविलें आहे. ज्या जागीं आपण स्नान करितों तिलाहि मोरी म्हणतों, आणि पाणी ज्या वाटेनें जातें तीहि मोरीच. वापरलेलें पाणी पुन्हा अंगास लागूं नये, ही आपली पिढीजात भावना. बंबांतलें कढत पाणी घंगाळांत विसणावें, तांब्यानें अंगावर घ्यावें, आणि तें वाहून परसांतील अळवास व केळीस जावें, अशी जुन्या घराची व्यवस्था होती. तिच्यांत पाण्याची नासाडी नव्हती. पण विहिरीपासून बंबापर्यंतचे हेलपाटे बहुधा बायकांच्याच वांट्यास येत. मुंबईंत विहारचें पाणी १८६० त व तानसाचें १८९२ त आलें, आणि ते हेलपाटे कमी झाले. परंतु पाणी आणण्याच्या मानानें तें नेण्याची व्यवस्था पुष्कळ वर्षें मागेंच राहिली. १८९६ च्या प्लेगानें शहराच्या दाटीकडे व सांडपाण्याकडे सरकारचे डोळे उघडले. तरी चाळींतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत वीतभर कट्ट्याची मोरी तीच भांड्यांची व तीच स्नानाची राहिली. आणि घरच्या बायकांनीं दोरीवर लुगडें टाकून, पुरुष बाहेर गॅलरींत गेले असतां, घाईनें स्नान उरकावें, हा पिढ्यांचा क्रम झाला. चार भिंती व एक कडी, एवढ्यासाठीं किती जणी आयुष्यभर तिष्ठत राहिल्या, हें न्हाणीघराचा नकाशा काढणाऱ्यानें विसरूं नये.

तेव्हां टब कीं शॉवर, या प्रश्नाचें उत्तर इतिहास काय देतो? बादलीस १५ ते २० लिटर पाणी पुरतें. टबास दीडशें लिटर तरी लागतें. शॉवर काटकसरी खरा, पण मर्यादेंतच. अमेरिकेनें १९९२ च्या कायद्यानें त्याची धार मिनिटास सुमारें साडेनऊ लिटरांवर बांधून दिली. तेवढ्या धारेखालीं पाव तास उभें राहिलें कीं टबाइतकेंच पाणी जातें. भरलेल्या टबाचा, त्यांतील माणसासह, भार जुन्या घराच्या तक्तपोशीस सोसेल कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. ज्या घरांत लहान मूल आहे किंवा दुखणाईतास पाण्यांत बसविण्याची गरज आहे, तेथें टब सार्थकीं लागेल. परंतु तो एकटाच साधन म्हणून नसावा. जागा एकाचीच असेल तर कट्टा नसलेली उतरती फरशी, भिंतींत पक्का बसविलेला आधाराचा दांडा, बसण्यापुरता ओटा, आणि हातांत घेतां येणारी शॉवरची तोटी, एवढ्यांत आजीपासून नातवापर्यंत सर्वांचें स्नान होतें, आणि बादली-तांब्यासहि मज्जाव होत नाहीं.

आणि नकाशावर पहिली रेघ मोरीची काढावी. फरशीला फुटामागें पाव इंच उतार आहे ना, फरशीखालचा थर पाणी अडवितो ना, खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर आपलें स्नान उमटणार नाहीं ना, हें पाहून मग टबाचा रंग निवडावा. फरशी घासावयाची कोणी आणि जाळींतील केंस काढावयाचे कोणी, हेंहि त्याच बैठकींत विचारून घ्यावें. कारण जी व्यक्ति हें काम रोज करणार तिचें मत या वादांत बहुधा कोणी विचारीत नाहीं. तें विचारलें गेलें, तर चार हजार वर्षांच्या या वादाचा निदान आपल्या घरापुरता निकाल न्यायानें लागला, असें आम्ही म्हणूं.